चौकशीला आलेले गृहस्थ

"आमच्या मृण्मयीचे दोन मामा जर्मनीत, मावशी तर कॅनडाची नागरिकच झालीय!"

‘मुलीची चौकशी करायची आहे’ म्हणत आलेले गृहस्थ वरपक्षाचेच, असे समजून वैजयंताबाईंनी बेसनाचा लाडू पुढे ठेवला. गृहस्थ शांतपणे लिहीत होते.

मृण्मयी बाहेर आली आणि पहाटेच्या चंद्रासारखी फिकटली. "आई, हे माझ्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या चौकशीसाठी आलेत! फॉर्मवर मी परदेशी नातेवाईक एकच लिहिलाय. आता गेली नोकरी."

"एकच आहे हो, साहेब," वैजयंताबाई पदर सावरत म्हणाल्या. "एक मामा, तोही दिवाळीला फोन उचलत नाही. बाकीचे मी स्थळासाठी वाढवले."

साहेबांनी दोन ओळी खोडल्या, लाडू संपवला आणि ते उंबऱ्याशी थबकले.

"हिच्या नेमणुकीची ऑर्डर निघाली की पुन्हा येईन. माझा मुलगा लग्नाचा आहे. त्याचा साधा पासपोर्टही नाही."