कुंपणापासून पायरीपर्यंत

थंडी ओसरली की अण्णा दरवर्षी हिरवळीतलं वाळकं गवत दाताळ्याने ओढून काढायचे आणि कुंपणापासून पायरीपर्यंत पडलेल्या उघड्या पट्ट्यावर बी पेरायचे. शेजारचा घड्याळजी मात्र कुंपणाच्या फटीतून रोज तिथूनच यायचा, सगळं तुडवत.

"अरे, फाटक काय शोभेला लावलंय?"

"लांब पडतं," म्हणत तो खुशाल पायरीवर चहाला टेकायचा.

हिवाळ्यात घड्याळजी गेला. यंदा बी पहिल्यांदाच एकसारखं रुजलं.

गवत कापायला आलेला नवा माळी म्हणाला, "अण्णा, काय राखलीय हिरवळ. कुणाचं पाऊल म्हणून पडलेलं दिसत नाही."

माळी गेल्यावर अण्णांनी जाड तळव्यांचे बूट चढवले,



आणि कुंपणापासून पायरीपर्यंतचं गवत तुडवायला घेतलं.