महिन्यापूर्वीची प्रत

संगणक अडकला, तेव्हा शशिकला मगदूम यांनी हमखास चालणारा उपाय केला. आतल्या आभासी संगणकाची महिन्यापूर्वी जतन केलेली प्रत त्यांनी पुन्हा सुरू केली. सांगलीतल्या त्यांच्या घरच्या संगणकाला आठ कोअर, म्हणजे हिशेब करणारे आठ भाग होते; त्यातले दोन त्यांनी या आभासी संगणकासाठी आठवणी सांभाळणाऱ्या केंद्राला दान केले होते. आजारात मेंदूचा काही भाग गेलेल्या माणसांच्या आठवणी अशा घरोघरच्या संगणकांवर चालत. आपल्याकडे कोणाच्या आहेत, हे मात्र कळत नसे.

अर्ध्या तासात फोन आला.

"मी केतकी ओक, दापोलीहून. केंद्राने तुमचा नंबर दिला. तुम्ही जुनी प्रत लावलीत का?"

"हो. का हो?"

"माझ्या बाबांचा गेला महिनाच पुसला गेलाय."

शशिकलाबाईंनी माउस हातात घेतला. "अगं बाई! कालची प्रत आहे माझ्याकडे. पाच मिनिटांत लावते."

पलीकडे कपबश्यांचा आवाज आला. कुणीतरी गुणगुणत होतं.

"आई जाऊन आज पंधरा दिवस झाले," केतकी हळूच म्हणाली. "तेव्हापासून बाबा एक शब्द बोलले नव्हते. आता त्यांनी तिघांचा चहा टाकलाय."

शशिकलाबाईंचा हात माउसवर तसाच राहिला. "मग लावू का नको?"

"लावावी तर लागेलच. पण एवढा चहा होऊ दे."

शशिकलाबाईंनी हात काढून घेतला. फोन ठेवणं मात्र दोघींनाही सुचलं नाही. तेवढ्यात पलीकडून म्हाताऱ्याची हाक ऐकू आली.

"केतकी, आईचा कप बशीने झाक गं. ती येईपर्यंत निवेल."