तिसऱ्या ताऱ्यानंतर

हझानने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि जिन्यातच खजिनदाराच्या हातात ठेवलं.

"धर. उद्या कोणी म्हणायला नको, लेकीसाठी वेळ बघून बोलला म्हणून."

"मी कशाला म्हणेन?" खजिनदार म्हणाला, आणि घड्याळ झटकन खिशात टाकलं. तो म्हणणारच होता.

दोघं प्रार्थनाघराच्या गच्चीवर आले. शनिवार मावळत होता. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा दिवस, संपतो, आणि इथे ते तारे बघायचं काम प्रार्थना चालवणाऱ्या हझानचं. त्याने वरून हाक द्यायची, खाली शेवटची प्रार्थना व्हायची, मग लोक दिव्याच्या बटणाला हात लावायला मोकळे. इतकी वर्षं असंच चाललं होतं. आता त्याच्या लेकीने कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिला होता. पहाटेच्या प्रार्थनेपासून शब्बाथ संपेपर्यंतच्या सगळ्या वेळा तो सूर्याच्या हिशोबाने काढायचा. शुक्रवारीच चालू करून ठेवलेला त्याचा पडदा खाली भिंतीवर झळकत होता. शब्बाथ संपला की त्यावरची लाल पट्टी आपोआप हिरवी होणार होती.

खजिनदाराला हे काही पटत नव्हतं. त्याच्या मोबाईलमध्ये फुकटचं ॲप होतं, आणि ते शब्बाथ लवकर सोडायचं. शेवटी कमिटीने ठरवलं, आज पडदा आणि तारे जुळले तर पडदा राहील, नाहीतर उद्या उतरेल. निवाडा कोणी करायचा? तर मुलीच्या बापाने! ताऱ्यांच्या बाबतीत दुसऱ्या कोणावर भरवसाच नव्हता ना.

नोकरी सांभाळून वर्षभर पोरगी त्या प्रोग्रॅमवर बसली होती. जेवतानाही तोंडात तेच, सूर्य क्षितिजाखाली किती गेला की तारे निघतात. आणि आज तारे आधी निघाले, तर बापानेच आपल्या तोंडाने तसं सांगायचं. सांगितलं असतं त्याने. पण जिवावर आलं असतं.

"ते बघा!" खजिनदार ओरडला. "एक, दोन, आणि तो काय तिसरा, समोरच्या छपरावर! संपला शब्बाथ. माझ्या ॲपची वेळ तर केव्हाच होऊन गेली."

"तिसरा चालतोय," हझान म्हणाला.

"अं?"

"विमान आहे ते. उतरू दे त्याला, मग मोजू."

विमान गेलं. आकाश आणखी गडद झालं. आणि मग पाण्याच्या टाकीच्या वर एक बारीक ठिपका उमटला. हझानने डोळे ताणून पाहिलं. जागचा हलत नव्हता.

"तिसरा!" तो खाली तोंड करून ओरडला.

खाली प्रार्थना काही सुरू झाली नाही. मग जिन्यात पावलं वाजली आणि लेक धापा टाकत वर आली.

"बाबा, पट्टी अजून लाल आहे. दोन मिनिटं बाकी आहेत."

"तारा आहे गं, पोरी," हझान म्हणाला. "मी खोटं नाही बोलणार."

"झालं तर मग!" खजिनदाराने हात चोळले. "उद्या येतो स्क्रूड्रायव्हर घेऊन."

लेकीच्या चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता. उलट ती बापाकडे बघून हसत होती.

"तारा आहेच. माझ्या हिशोबानेही तो आत्ताच निघाला. पण बाबा, आज तुम्ही लगेच कशी काय हाक मारलीत?"

"म्हणजे?"

"काका, तुम्हीच सांगा," ती खजिनदाराकडे वळली. "एरवी तिसरा तारा दिसला की बाबा काय करतात?"

खजिनदाराच्या मनात हे किती दिवस साचलं होतं कोण जाणे. "काय करतात! कठड्याला टेकतात. डोळे मिटून घेतात. मग पुन्हा पहिल्यापासून मोजतात! आम्ही आपले खाली ताटकळत. अहो, दिसलाय ना तारा, मग सांगून टाकावं ना माणसानं. पण छे! दर शनिवारी यांचं आपलं परत बघणं. दोन मिनिटं तरी खातात त्यात, एक शनिवार सोडतील तर शप्पथ..."

आणि तो मध्येच थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"तेच ते," लेक म्हणाली. "मी लहानपणी इथंच उभी असायचे, या कठड्याशी. रात्र कधी धरायची यावर जुन्या विद्वानांची कितीतरी मतं आहेत बाबा, सगळी घातलीत मी प्रोग्रॅममध्ये, ज्याच्या त्याच्या नावाने. पण आपल्या पडद्याला तुमचं लावलंय. तिसरा तारा, आणि त्यावर तुमचं परत बघणं. तिथे नाव लिहिलंय, 'बाबा'."

अभिमानाने हझानचा ऊर नुसता भरून आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच आपण घाई केली आणि पोरीच्या मशीनने मात्र केली नाही, याचं त्याला हसूही येत होतं. तो कठड्याला टेकला, डोळे मिटले, उघडले आणि पहिल्यापासून मोजायला लागला. या खेपेला जरा जड गेलं. डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात खालून गलका उठला. "हिरवी झाली! हिरवी झाली!"

खजिनदाराने मुकाट्याने खिशातलं घड्याळ काढून पुढे केलं. जरा घुटमळला, मग म्हणाला, "मग? संपला म्हणायचा ना आता शब्बाथ?"

"मला कशाला इथं विचारतोस?" हझान घड्याळाचा पट्टा बांधत म्हणाला. "खाली पडद्यावर आहे ना मी."