पाण्याच्या बदल्यात

"भावाला तिकडच्या धरणावर नको धाडू, तिथले पोलीस आपल्याला वळखत नाईत," असं सासू म्हणाली, तेव्हा चारुता हसली होती. संभाजीनगरला पाणी सोडा म्हणायला तिचा भाऊ लक्ष्मण रिकामा हंडा घेऊन शेजारच्या जिल्ह्यातल्या धरणावर गेला. मोबाइलवर आलेल्या व्हिडिओत तिनं पाहिलं, पोलिसांनी त्याच्याच हंड्यानं त्याचं कपाळ फोडलं, पडल्यावर बुटांनी तुडवलं. वर हल्ल्याचा गुन्हाही त्याच्यावरच घातला. चारुतानं मारहाणीची तक्रार दिली, पण त्याला कुठल्या दवाखान्यात नेलं ते कुणी सांगेना. दोन्ही जिल्ह्यांच्या कलेक्टर साहेबांची बैठक झाली. इकडचे साहेब कागद घेऊन घरी आले. "ताई, मारहाणीची तक्रार मागं घ्या. तिकडचे लक्ष्मणवरचा गुन्हा मागं घेतील, पाणीही सोडतील." "लक्ष्मण कुठल्या दवाखान्यात आहे?" तिनं विचारलं. साहेबांनी तिच्या कडेवरच्या बाळाचा गाल कुरवाळला. "लेकराला पाणी लागतंच की." तिनं कागद फाडला. मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "तिकडचे कुणी वाचत असाल, तर दवाखान्यांत जाऊन बघा. माझा भाऊ लक्ष्मण शुद्धीवर आहे का?"