गाळलेला महिना

आराखड्यात पागुमे नव्हता.

फिकिर्तेने पान पुन्हा वर सरकवलं. बाळांच्या लसींची आठवण देणारं हे सॉफ्टवेअर दवाखान्यांच्या हाती देण्याआधी त्यात कोणकोणत्या तारखा टाकून बघायच्या, ते बेझाविटने महिन्यांप्रमाणे लिहिलं होतं. तीस-तीस दिवसांचे बारा महिने ओळीने हजर होते. त्यांच्या शेपटाला येणारा पाच दिवसांचा तेरावा महिना, पागुमे, तेवढा नाही. म्हणजे तो कुणी तपासणार नाही. आणि पागुमेत जन्मलेल्या बाळाची तारीख सॉफ्टवेअरने घेतलीच नाही, तर ते कळणार थेट दवाखान्यात, बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईला.

फिकिर्तेला आनंद झाला. अगदी मनापासून झाला.

काय तपासायचं, कुणी तपासायचं, कशाला चांगलं म्हणायचं आणि कशाला नाही, हे या कचेरीत आजवर तीच ठरवत आली होती. अदिस अबाबामधल्या निम्म्या कंपन्यांत तिच्या हाताखालून गेलेली पोरं होती. बेझाविट त्यातलीच एक. आणि या खेपेला मालकांनी, सगळे आदराने गाश म्हणत त्या मेकुरियांनी, आराखडा लिहायला दिला तो बेझाविटला. फिकिर्तेला म्हणाले, "तू नुसता वाचून दे, चुका सांग." पोरगी हुशार होती, हेच तर दुखणं होतं. ढ असती तर फिकिर्तेने तिचे लाड केले असते.

शिवाय ही बया स्वतः पागुमेतली. "देवाने तुझा वाढदिवस कसाबसा कोंबलाय गं," असं फिकिर्ते दर वर्षी तिला चिडवायची. आता स्वतःचाच महिना विसरली. डोक्यात हवा गेली की असं होतं, असं म्हणून फिकिर्तेने शेऱ्याच्या जागी लिहिलं, "ठीक आहे."

वर्ष संपत येईल, पागुमे लागेल, दवाखान्यांतून फोन सुरू होतील. मग गाश मेकुरिया धावत कुणाच्या टेबलाशी येतात, तेही दिसेल. बाळांचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, पण तिने त्याला बाहेरच बसवून ठेवलं.

बुधवार होता, उपासाचा, म्हणजे मांस-दूध वर्ज्य. दुपारी सगळे एकाच मोठ्या ताटाभोवती बसले. इंजेराच्या मऊ, आंबूस पोळीवर डाळ होती, पिठल्यासारखा शिरो होता, कोबी-बटाटा होता.

"काय फिकिर्ते," गाश मेकुरियांनी विचारलं, "पोरीचा आराखडा कसा वाटला?"

"तुमची लाडकी ती. तिचं काय चुकणार?"

बेझाविटचा हात ताटात थांबला. "खरंच काही नाही सापडलं, एतीये?" वयाने मोठ्या बाईला म्हणावं तसं ती तिला एतीये म्हणायची, अगदी पहिल्या दिवसापासून.

"शोधून शोधून दमले बाई."

"मला सापडलं की," प्रोग्राम लिहिणारा सुराफेल म्हणाला. "मधेच वीज गेली तर काय होतं, ते तपासायचं राहिलंय."

"राहिलं नव्हतं. मीच काढलं होतं." बेझाविटने बोटं पुसली. "तुम्हा दोघांच्या प्रतींतून दोन गोष्टी मुद्दाम गाळल्या होत्या. वाचणारा खरंच वाचतो का, ते कळावं म्हणून. डाळीत खडे टाकून निवडायला देतात ना, तसं. एतीयेनेच शिकवलंय मला हे."

"आणि दुसरी गोष्ट कोणती?" सुराफेलने विचारलं.

"पागुमे."

सुराफेल हसत सुटला. "घ्या. माझी आई पागुमेतली, आणि मला दिसलं नाही. घरी कळलं तर जेवायला मिळायचं नाही."

गाश मेकुरिया हसले नाहीत. फिकिर्तेकडे बघायचं टाळून ते बेझाविटला म्हणाले, "मी म्हणत होतो तेच झालं. सॉफ्टवेअर बाहेर जाताना शेवटची सही यापुढे तू करायचीस."

फिकिर्तेचा घास बोटांतच राहिला. ती सही तिची होती.

"माझंच चुकलं, एतीये." बेझाविटचा आवाज उतरला. "गाश म्हणत होते, फिकिर्तेची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. मी म्हटलं, एतीयेच्या नजरेतून काही सुटत नाही, हवं तर बघा. सही तुमच्याकडेच राहावी, एवढ्यासाठीच केलं होतं हो हे सगळं."

सकाळीच दिसलं होतं, असं फिकिर्तेला आत्ताही सांगता आलं असतं. पण मग बोलला का नाहीत, हा प्रश्न लगेच आला असता, आणि तो बेझाविटने विचारला असता. आंधळी ठरायचं की दुष्ट, एवढंच तिला निवडायचं होतं. आणि ही पोरगी इतक्या मायेने बघत होती की फिकिर्तेला तिचा आणखीच राग आला.

"दमला असाल. होतं असं," बेझाविट म्हणाली. तिने इंजेराचा मोठा तुकडा तोडला, त्यात शिरो आणि डाळ गुंडाळली आणि गुर्शा फिकिर्तेच्या ओठांशी नेला. दुसऱ्याच्या हातचा हा घास कुणी नाकारत नाही. नाकारला तर भरवणाऱ्याचा अपमान होतो.

सगळे बघत होते. फिकिर्तेने तोंड उघडलं, आणि घास घेतला. ती सावकाश चावत राहिली. तोंडात घास आहे तोवर काही बोलावं लागणार नव्हतं. तो संपूच नये, असं तिला वाटत होतं.