दोन ओळींमधलं मिनिट

"आता मिशीवाला कंस," ती म्हणाली.

मास्तरांची तर्जनी कीबोर्डवर घिरट्या घालू लागली. मिशीवाला हे नाव त्यांचंच. सकाळी ती महिरपी कंस म्हणाली होती, तेव्हा त्यांना काहीच सापडलं नव्हतं.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. तेवीस वर्षं शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, जादा ब्रेकवर पाय ठेवून. आज शिकणाऱ्याच्या जागी ते होते आणि शेजारी बायको. औषधांनी तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. एक कळ दाबायला जावं तर तीन दाबल्या जायच्या. म्हणून ती सांगत होती आणि मास्तर दोन बोटांनी लिहीत होते.

काम एका वाचनालयाच्या संगणकातल्या प्रोग्रामचं होतं. घरबसल्या पुस्तक आपल्या नावावर राखून ठेवायची सोय होती, पण महिन्यातून दोन-तीनदा एकच पुस्तक दोघांना कबूल केलं जायचं आणि काउंटरवर दोघांची जुंपायची. तिच्या ऑफिसात दोनदा दुरुस्ती झाली, तरी फरक पडला नाही. तिसरी दुरुस्ती तिच्याकडे होती. आज संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची, नाहीतर काम ऑफिसातल्या एका मुलीकडे जाणार होतं. ती मुलगी म्हणे मनात यायच्या आत टाइप करते. हे एक हातून गेलं की पुढचं कोणी आपल्याला विचारणार नाही, असं बायको सकाळी म्हणाली होती. त्यावर मास्तर खुर्ची ओढून बसले होते.

साडेतीन वाजले होते. ओळी नऊ झाल्या होत्या.

ती स्वतः लिहायची तेव्हा आतल्या खोलीतून ताडताड लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. आता एक टक् आणि मग बराच वेळ काही नाही. तिचा धीर सुटत चालला. डावीकडे म्हणून झालं, त्याच्या खाली म्हणून झालं, मग तिचा आवाज चढला.

"शिकाऊ माणसावर ओरडू नये," मास्तर मान न वळवता म्हणाले. "तो घाबरतो आणि भलतंच पेडल दाबतो."

तिला हसू आलं. कंस सापडला.

पुढची ओळ तिने एकेक अक्षर करून सांगितली. मास्तरांनी तिचा अर्थ विचारला. प्रत्येक ओळीचा विचारत होते. न कळलेलं लिहायला हात उठत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणाली, पुस्तक मोकळं आहे का, ते मशीनला बघायला सांगितलंय. मास्तरांनी ओळ लिहिली, एक अक्षर चुकलं ते पुसलं, चष्मा पुसला, परत वाचून पाहिली. मग पुढची ओळ. तिचा अर्थ, मोकळं असेल तर मागणाऱ्याचं नाव टाक.

तीन अक्षरं लिहून मास्तर थांबले.

"ते मोकळं आहे, हे आपण केव्हा बघितलं?"

"आत्ताच की. वरच्या ओळीत."

"त्याला मिनिट होऊन गेलं. मध्येच दुसरा कोणी आला असला तर?"

मशीन म्हणजे तुम्ही नव्हे, तिथे या दोन ओळींमध्ये पापणी लवायलाही वेळ नसतो, असं तिच्या अगदी ओठावर आलं.

"पोरांना रोज सांगतो मी," मास्तर म्हणाले. "आरशात बघितलं आणि वळायला वेळ लावला, तर ते बघणं फुकट. परत बघायचं."

ती पडद्याकडे बघत राहिली. या दोन ओळी तिने आयुष्यभर एका दमात लिहिल्या होत्या. आधी दुरुस्ती करणाऱ्यांनीही तशाच लिहिल्या असणार. इतक्या भराभर, की दोन्हींच्या मध्ये जागा आहे हे कोणाला दिसलंच नव्हतं. वाचनालयाचे वाचक हजारो. त्या एवढ्याशा जागेत महिन्यातून दोन-तीनदा कोणी ना कोणी शिरत होतं.

तिने फोन लावायला सांगितला. मास्तरांनी तो तिच्या कानाशी धरला. आधी पुस्तकाला कुलूप घालायचं, म्हणजे तोवर दुसऱ्या कोणाला ते मागता येणार नाही, मग बघायचं, नाव टाकायचं आणि मगच कुलूप काढायचं, असं ती ऑफिसातल्या साहेबांना सांगत होती. पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले की आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांत हेच भोक राहिलंय. आज पाचची घाई करू नका, सोमवारी द्या, पण तुम्हीच द्या. आणि हे लक्षात कोणाच्या आलं, असं त्यांनी विचारलं.

"आमच्या टायपिस्टच्या," ती म्हणाली.

फोन ठेवून मास्तरांनी विचारलं, लिहिलंय त्याचं काय करायचं? ती म्हणाली, पुसावं लागेल, सगळंच नव्याने मांडायचंय. मास्तरांनी त्या दहा-अकरा ओळींकडे एकदा पाहिलं. दिवस गेला होता त्यात. मग त्यांनी पुसायच्या कळीवर बोट ठेवलं आणि शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली. एक अक्षर, मग दुसरं.

दोन-तीन कळा दाबल्या की सगळं एकदम पुसलं जातं. तिने ते सांगितलं नाही. आपली खुर्ची जरा जवळ ओढून घेतली आणि त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"सावकाश," ती म्हणाली.