मिलिसावचे सफरचंद

१९ ऑक्टोबर १९६८, शनिवार, सकाळचे सात. बंदुका दुरुस्त करणाऱ्या स्रेतेनने मिलिसावच्या रिकाम्या पिस्तुलाचा घोडा दहा वेळा पाडला. त्यांपैकी सात वेळा तो, एखादा म्हातारा जिना उतरावा तसा, अडखळत खाली आला.

"माझ्याकडे बघत मोजतोयस की पिस्तुलाकडे?" मिलिसाव म्हणाला.

"दोघांनाही तेल लागणार आहे."

उद्या मिलिसावच्या धाकट्या नातवाचे लग्न होते. सर्बियातल्या मोरावा नदीकाठची रीत ठरलेली: नवरीच्या अंगणात उंचावर सफरचंद टांगायचे आणि नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्याने ते गोळीने पाडायचे, तोवर नवरी उंबरा ओलांडत नाही. थोरल्याच्या लग्नात मिलिसावने पणजोबांचे हे ठासणीचे पिस्तूल रोखले, चाप ओढला; घोडा रेंगाळला, तेवढ्यात हात हलला. शेवटी एका शेजाऱ्याच्या शिकारी बंदुकीने लाज राखली. ती गोष्ट गाव अजून चघळत होते.

"या खेपेला चुकलो तर पंगतीला बसणार नाही. गाढवांपाशी बसेन."

"गाढवांना विचारलंस का?"

हसता हसता मिलिसावचे डोळे पाणावले. स्रेतेनने मान खाली घातली. युद्धाच्या हिवाळ्यात याच माणसाने त्याला माळ्यावर लपवून जगवले होते.

त्याने कळ, म्हणजे घोडा पाडणारी यंत्रणा, सोडवून फडक्यावर मांडली. जुने तेल गोंदासारखे घट्ट झाले होते, आणि आतली फिरकी पट्टीला घासून एका जागी चकाकत होती. तंत्रशाळेत शिकवले होते तसे त्याने आधी कारण निश्चित केले, मगच हत्यार उचलले. तो चकाकता भाग त्याने सहाणेवर बेताने उतरवला, स्क्रू किंचित सैल केला आणि घड्याळाच्या तेलाचा एक थेंब सोडला. आता घोडा दहाही वेळा सपकन पडला.

"देव तुझे हात शाबूत ठेवो," मिलिसाव म्हणाला.

रविवारी ओब्रेनचे अंगण माणसांनी फुलले. ओब्रेन म्हणजे नवरीचा बाप, तिखट जिभेचा. सफरचंदाची दोरी अक्रोडाच्या फांदीवरून फाटकाच्या खांबापर्यंत आणून तिथे बांधली होती. तिथेच तो टेकून उभा होता.

"व्याहीबुवा, शिडी आणू का? की टोपलीच धरू खाली?"

"तोंड मिट, व्याही, नाहीतर गोळी तिकडेच जाईल!"

स्रेतेनने नळी पुसली. तो बारुदीचे शिंग उचलत होता, तोच ओब्रेनने राकियाचा, फळांच्या कडक दारूचा, पेला पुढे केला. "काका, आधी लेकीच्या नावाने!" शिंग खाली ठेवून स्रेतेनने पेला रिकामा केला, गोळी कापडात गुंडाळून ठासली, घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली आणि पिस्तूल मिलिसावच्या हाती दिले.

म्हाताऱ्याने श्वास रोखला. रिवाजाप्रमाणे त्याच क्षणी वऱ्हाडाच्या बंदुका आकाशात कडाडल्या, तुताऱ्या घुमल्या. घोडा सपकन पडला. सफरचंद धपकन खाली आले.

मिलिसावने स्रेतेनला कवटाळले. "तू मला माझ्या माणसांत परत बसवलंस रे!"

नवरी बाहेर आली. पंगतीत मिलिसावला मानाची जागा मिळाली.

स्रेतेन पिस्तूल साफ करायला मागच्या पडवीत गेला. ओब्रेन खांबावरून सोडलेली सफरचंदाची दोरी कोपराभोवती गुंडाळत आत आला.

"कळ झकास लागलीय, काका."

"म्हाताऱ्याचं आयुष्य वाढलं, ओब्रेन."

"वाढू दे. तेवढ्यासाठीच लेक त्या घरात दिली. मात्र नळी इथेच साफ करा. त्यांच्यासमोर नको."

"का रे?"

ओब्रेन हसला आणि नाचणाऱ्यांत मिसळला.

स्रेतेनने नळी साफ करायचा गज आत सरकवला. तो तळाला टेकण्याआधीच शिशावर अडला. पेल्याच्या नादात बारूद भरायचीच राहिली होती. त्याने बाहेर पाहिले: मिलिसाव नातसुनेचा हात धरून नाचत होता.

सुटलेल्या गोळ्या: शून्य.